नागपूरच्या मांजरांचा अभ्यास नागपुरातच व्हायला हवा

प्रति,
महाराष्ट्र पशू व मत्स्य विज्ञान विद्यापीठ आणि नागपूर पशुवैद्यकीय महाविद्यालय येथील अध्यापक, संशोधक आणि पदव्युत्तर विद्यार्थी यांस,

सप्रेम नमस्कार.

डिसेंबर २०२४ च्या अखेरीस नागपूरजवळ गोरेवाड्याच्या वन्यप्राणी बचाव केंद्रात तीन वाघ आणि एक बिबट दगावले. नमुने भोपाळच्या राष्ट्रीय प्रयोगशाळेत गेले आणि एच-५-एन-१, म्हणजे बर्ड फ्लू, निष्पन्न झाला. शहरभर चर्चा झाली, वर्तमानपत्रांत मथळे आले. पुढच्या महिन्याभरात मध्य प्रदेशातल्या छिंदवाड्याच्या घरगुती मांजरांमध्ये तोच विषाणू सापडला. आपल्या देशात पाळीव मांजरांत तो आढळल्याची ती पहिलीच नोंद. छिंदवाडा इथून जेमतेम सव्वाशे किलोमीटर. तिकडचे लोक दवाखान्यासाठी नागपूरला येतात, तिकडचा भाजीपाला इथे उतरतो. वाघांची बातमी सगळ्यांच्या लक्षात राहिली, मांजरांची विरून गेली. माझी झोप मात्र त्या दुसऱ्या बातमीनं उडवली. वाघ पिंजऱ्यात होते. मांजर रात्री चिकनच्या दुकानामागे टाकलेली आतडी खातं आणि पहाटे घरी येऊन लेकरांच्या पांघरुणात शिरतं.

म्हणून ही मागणी. नागपूरच्या साध्या मांजरांचा, दुकानातल्या, गल्लीतल्या, गच्चीवरच्या, कोणत्याही जातीचं नाव नसलेल्या मांजरांचा शास्त्रीय अभ्यास आपल्याकडे सुरू व्हावा. आणि तो त्यांच्या इतिहासाचा आणि आरोग्याचा मिळून व्हावा. मांजराचं शरीर असं का वागतं हे त्याचं मूळ समजल्याशिवाय कळत नाही, आणि ते न कळल्यामुळे आपल्या शहरात मांजरं हकनाक मरतात, असं माझं ठाम मत आहे.

मी नागपूरच्या इतवारीतल्या मस्कासाथात राहते. आमचं धान्य-किराण्याचं दुकान सासऱ्यांच्या आधीपासूनचं. पोती रचलेली जागा म्हटली की उंदीर आलेच, आणि उंदीर आले की मांजर. ते कुणी आणून ठेवलेलं नसतं. आपणहून येतं, पोत्यांच्या थप्पीवर जागा धरतं आणि पुढे त्याची पिल्लं तिथेच वाढतात. सासरे म्हणायचे, "मांजर आहे तोवर पोतं कुरतडल्या जात नाही, सूनबाई." शास्त्रज्ञांनी हाडं आणि जनुकं तपासून मांजराच्या माणसाळण्याची जी हकिकत मांडली, ती याहून फार वेगळी नाही. माणूस शेती करू लागला, धान्य साठवू लागला, कोठारात उंदीर आले आणि उंदरांमागे पश्चिम आशिया आणि उत्तर आफ्रिकेतलं रानमांजर आलं. २००७ साली कार्लोस ड्रिस्कॉल आणि सहकाऱ्यांनी जगभरच्या जवळपास हजार मांजरांची जनुकं तपासून दाखवलं, की आपली सगळी पाळीव मांजरं त्या एकाच रानमांजराच्या वंशातली आहेत. फेलिस लिबिका हे त्याचं शास्त्रीय नाव.

माणूस आणि मांजर यांच्या सोबतीचा सर्वांत जुना पुरावा सायप्रस बेटावरचा आहे. तिथे साडेनऊ हजार वर्षांपूर्वीच्या एका दफनात माणसापासून हातभर अंतरावर एक लहान वयाचं मांजर मुद्दाम पुरलेलं सापडलं. त्या बेटावर मांजर मुळात नव्हतंच, म्हणजे कुणीतरी ते होडीतून नेलं होतं. २००४ साली झाँ-दनी विन्य यांच्या पथकानं हे प्रसिद्ध केलं.

पण गोष्ट तिथे संपलेली नाही, रोज नव्यानं लिहिली जाते आहे. कालपरवापर्यंत मानलं जायचं, की पहिल्या शेतकऱ्यांबरोबरच मांजरं युरोपात पोचली. २०२५ मध्ये प्राचीन हाडांमधल्या संपूर्ण जनुकसंचाच्या अभ्यासातून निघालं, की युरोपातली ती जुनी मांजरं रानटीच होती. पाळीव मांजर तिथे साधारण दोन हजार वर्षांपूर्वी उत्तर आफ्रिकेतून पोचलं. चीनमध्ये तर आणखी वेगळं घडलं. तिथे शेतकऱ्यांच्या वस्त्यांत हजारो वर्षं जे मांजर वावरत होतं ते बिबट्या मांजर, म्हणजे निराळीच जात, आणि ते कधी पाळीव झालं नाही. आपलं मांजर तिथे फार उशिरा, व्यापारी मार्गानं गेलं.

आणि भारत? एवढ्या मोठ्या नकाशात आपल्या भागावर फारसं काही लिहिलेलं नाही. सिंधमधल्या चान्हूदडोच्या हडप्पाकालीन विटेवर मांजराची आणि कुत्र्याची पावलं उमटलेली आहेत. वीट ओली असताना दोघं तिच्यावरून धावले. पण ते मांजर पाळीव होतं की रानटी, हे पावलांवरून ठरत नाही. त्याहून जवळचा पुरावा आपल्या उंबरठ्यावर आहे. रामटेकजवळच्या नगरधनला, वाकाटकांच्या राजधानीच्या जागी, २०१५ ते २०१८ दरम्यान उत्खनन झालं. राणी प्रभावतीगुप्ताच्या मुद्रेमुळे ते गाजलं. तिथे मिळालेल्या पाळीव जनावरांच्या हाडांत गाय-बैल, शेळ्या, मेंढ्या, डुकरं, घोडे आणि कोंबड्यांबरोबर मांजरही आहे. नागपूरपासून तासाभराच्या वाटेवर मांजराची प्राचीन हाडं! ते मांजर कुठून आलं? भडोच-सोपाऱ्याच्या बंदरांतून व्यापाऱ्यांच्या तांड्यांबरोबर, की वायव्येकडून खुष्कीच्या मार्गानं? आज मस्कासाथच्या पोत्यांवर झोपणारं मांजर त्याचंच वंशज, की मधल्या काळात दुसरीच मांजरं येऊन मिसळली?

उष्ण हवेत हाडांमधला डीएनए टिकत नाही, हे मला ठाऊक आहे. हरियाणातल्या हडप्पाकालीन राखीगढीला साठाहून अधिक नमुन्यांतून एकाच सांगाड्याचा जनुकसंच हाती लागला. पण तो एक लागला म्हणूनच सगळं चित्र बदललं ना? कानाजवळचं कठीण हाड, ज्यात डीएनए जास्त टिकतो, शाबूत असेल तर प्रयत्न करण्यासारखा आहे. पुरातत्त्वज्ञ आणि पशुवैद्यक एका टेबलाशी बसले तर हे काम विदर्भात होऊ शकतं, आणि ते विदर्भातच व्हावं असं मला मनापासून वाटतं.

आता आरोग्याकडे येते, कारण इतिहासाची खरी किंमत तिथे मोजावी लागते.

मांजर हजारो वर्षं आपल्याजवळ राहिलं, पण त्याचं शरीर शिकारी मांसाहाऱ्याचंच राहिलं. कुत्रा माणसाबरोबर पोळी पचवायला शिकला, मांजर तितकं शिकलं नाही. आमच्या दुकानात उंदीर सर्वांत आधी गुळाच्या भेल्यांवर तुटून पडतात. मांजर त्याच गुळाला हुंगून पुढे जातं. २००५ साली अमेरिकेतल्या मोनेल संस्थेत याचं कारण सापडलं: गोड चव ओळखणाऱ्या जोडीतलं एक जनुक मांजरात निकामी झालेलं आहे. गूळ, साखर त्याच्या लेखी नाहीतच. ज्याला मांसच खायचं आहे, त्याला गोड ओळखून करायचं काय?

हे नुसतं कुतूहल म्हणून बाजूला ठेवता आलं असतं. पण आपल्या पेठेत अनेक शाकाहारी घरांत मांजर दूध-पोळीवर वाढवतात, फार मायेनं वाढवतात. मांजराला टॉरिन नावाचं द्रव्य अन्नातूनच मिळावं लागतं, कारण त्याचं शरीर ते पुरेसं बनवत नाही. ते मांसात असतं, उंदरात भरपूर असतं, पोळीत अजिबात नसतं आणि दुधात नावापुरतं. टॉरिन कमी पडलं की डोळ्यांचा पडदा झिजतो, हे १९७५ सालीच दिसून आलं होतं. १९८७ मध्ये कॅलिफोर्नियात डेव्हिस इथल्या पॉल पायन यांनी दाखवलं, की त्याच्या अभावानं हृदय फुगून कमकुवत होतं, आणि टॉरिन दिलं की ते बऱ्याच अंशी सुधारतं. त्या शोधानंतर खाद्य बनवणाऱ्या कंपन्यांनी टॉरिनचं प्रमाण वाढवलं आणि तो हृदयरोग झपाट्यानं कमी झाला. दूध-पोळीवर वाढणाऱ्या नागपूरच्या मांजरांची हृदयं कशी आहेत? उंदीर मिळणारी दुकानातली मांजरं त्यातून वाचतात का, आणि पाचव्या मजल्यावरच्या फ्लॅटमधली बंदिस्त मांजरं अडकतात का? आपल्याकडे सोनोग्राफी आहे, रक्ततपासणी आहे. एका विद्यार्थ्याच्या प्रबंधाचा हा विषय आहे आणि उत्तर हजारो घरांच्या उपयोगाचं आहे.

औषधांचंही तेच. वनस्पती खाणाऱ्या प्राण्यांच्या यकृतात विषारी द्रव्यं निकामी करणारी जी यंत्रणा असते, तिचा एक महत्त्वाचा भाग मांजरानं गमावला आहे. त्यामुळे माणसाला ताप उतरवणारी पॅरासिटामॉलची अर्धी गोळी मांजराचा जीव घेऊ शकते. कुत्र्याच्या गोचिडांसाठी मानेवर सोडायचे पर्मेथ्रिनचे थेंब मांजरावर टाकले तर त्याला झटके येतात. हे प्रत्येक औषधाच्या दुकानात मराठीत आणि हिंदीत, मोठ्या अक्षरांत लागलेलं असायला हवं. त्यासाठी संशोधनाची वाट पाहायची गरज नाही. आपल्या विद्यापीठाच्या नावानं निघालेल्या एका पत्रकानं हे काम होईल.

मागच्या मे महिन्यातली एक गोष्ट सांगते. शेजारच्या दुकानातला पिवळा बोका दुपारभर रेतीच्या ढिगावर जाऊन बसायचा, जोर करायचा, उठायचा आणि पुन्हा बसायचा. रेती कोरडीच. दुकानदारांना वाटलं पोट साफ होत नाही, म्हणून एरंडेल पाजलं. शहरातल्या एका दवाखान्यातही बद्धकोष्ठ म्हणून इंजेक्शन देऊन परत पाठवलं. रात्री मी त्याच्या पोटाखाली हात लावला तर मूत्राशय लिंबासारखं टणक लागलं. बोक्यानं आवाज केला नाही. नुसते कान मागे पाडले आणि डोळे बारीक केले. सकाळी दुसऱ्या डॉक्टरांनी नळी घातली, लालसर लघवी निघाली आणि बोका वाचला. आणखी एखादा दिवस गेला असता तर रक्तात विष चढून गेला असता.

मांजर दुखणं लपवतं, हे आम्ही घरोघरी पाहतो. त्यावरही अभ्यास झाला आहे. माँट्रियल विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१९ मध्ये मांजराच्या चेहऱ्यावरून वेदना मोजायची पद्धत प्रसिद्ध केली. कान, डोळे, मुसकट, मिशा आणि डोकं, या पाचांची ठेवण पाहून गुण द्यायचे. त्या बोक्याच्या चेहऱ्यावर सगळं लिहिलेलं होतं, वाचणारा हवा होता. हे प्रत्येक दवाखान्याच्या भिंतीवर चित्रांसह लागावं.

बोक्यांची लघवी अडण्याची कारणं अनेक असतात: खडे, चिकट बुच, ताण, दाह. पण मुळाशी वाळवंटातला पूर्वज आहे. शिकारीच्या मांसातूनच पाणी मिळवणारं, कमी तहान लागणारं, लघवी घट्ट करून पाणी वाचवणारं ते शरीर. त्याला आपण कोरडे दाणे घालतो आणि पत्र्याच्या छपराखाली ४५ अंशांत गरम झालेल्या पाण्याची वाटी समोर ठेवतो. नागपूरच्या उन्हाळ्यात असे बोके जास्त येतात का? आपल्या बाह्यरुग्ण विभागाच्या नोंदवहीत महिना, वय, खाणं, पाणी, नसबंदी एवढे रकाने नीट भरले गेले तर तीन-चार वर्षांत उत्तर मिळेल. थंड देशांत झालेल्या अभ्यासांत आपला मे महिना नाही. तो आपल्यालाच घालावा लागेल.

विकतच्या जातींबद्दल थोडंसं, कारण आता शहरात त्यांची चलती आहे. १८७१ साली लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये मांजरांचं मोठं प्रदर्शन भरलं, त्यानंतर जातींची आवड वाढली. आजच्या बहुतेक जाती गेल्या दीडशे वर्षांतल्या आहेत आणि मूठभर मांजरांपासून वाढवलेल्या आहेत. पर्शियन मांजरांत मूत्रपिंडात गाठी होण्याचा आनुवंशिक विकार आहे. त्याचं जनुकातलं कारण २००४ मध्ये सापडलं, आणि त्या सुमारास जगभरातल्या एक तृतीयांशाहून अधिक पर्शियन मांजरांत तो असल्याचं सांगितलं जात होतं. गालाच्या आतून फिरवलेल्या एका काडीनं तपासणी होते. इतर देशांत ती करूनच पैदास करतात. इथे चपट्या नाकाची, दाट केसांची ही पिल्लं कागदपत्रांशिवाय विकली जातात आणि वैशाखात तोंड उघडून धापा टाकतात. ही तपासणी नागपुरात परवडणाऱ्या दरात मिळाली तर घेणारे आहेत. याउलट साध्या मांजरांत जनुकांची विविधता टिकून आहे. तीच खरी संपत्ती, आणि तिचीच मोजदाद कुणी करत नाही. २०१९ च्या पशुगणनेच्या जाहीर आकड्यांत घोडे, गाढवं, ससे, कुत्रे, अगदी हत्तीही आहेत. मांजर नाही.

एक गोष्ट स्त्रीरोगतज्ज्ञांच्या कानावरही घाला. माझ्या भाचीला दिवस गेले तेव्हा तिला एका डॉक्टरांनी सांगितलं, घरातलं मांजर सोडून द्या. कारण टॉक्सोप्लाझ्मा. हा परजीवी खरा आहे आणि गर्भाला धोकाही खरा आहे. पण मांजर त्याची अंडी सहसा आयुष्यात एकदाच, पहिल्या संसर्गानंतर एक ते तीन आठवडे विष्ठेतून टाकतं. ती ताजी असताना संसर्ग होत नाही, त्याला किमान एक दिवस जावा लागतो. मांजराची विष्ठा घरातल्या दुसऱ्या कुणी रोजच्या रोज उचलली, मटण नीट शिजवलं, भाज्या स्वच्छ धुतल्या आणि माती हाताळल्यावर हात धुतले तर धोका पुष्कळ कमी होतो. भाचीनं मांजर ठेवलं, बाळ छान आहे. पण किती घरांतून मांजरं अशी पोत्यात घालून तलावाकाठी सोडली जातात! इथल्या मांजरांत आणि इथल्या गरोदर बायांत या परजीवीचं प्रमाण किती, याचा पशुवैद्यक आणि वैद्यकीय महाविद्यालयांनी मिळून अभ्यास केला तर सल्ला भीतीपोटी दिला जाणार नाही.

बर्ड फ्लूचंही असंच आहे. उद्या पुन्हा बातमी आली तर लोक मांजरांवर काठ्या घेऊन धावतील. त्याआधी माहिती हवी. चिकन-मटणाच्या बाजारांभोवतीच्या मांजरांचे नमुने ठराविक काळानं तपासले जावेत. एकाच गल्लीत मांजरं पटापट मेली तर एखादं तरी शवविच्छेदनासाठी आपल्यापर्यंत पोचावं, अशी सोय व्हावी. बऱ्याचदा तो पॅनल्युकोपेनियाच असतो. पावसाळ्यात पिल्लंच्या पिल्लं नेणाऱ्या त्या रोगावर लस आहे. पण तोच होता की दुसरं काही, हे तपासल्याशिवाय कसं कळणार? राष्ट्रीय वन हेल्थ (म्हणजे ‘एक आरोग्य’) संस्थेची पायाभरणी डिसेंबर २०२२ मध्ये आपल्याच शहरात झाली. माणूस, जनावर आणि रान यांचं आरोग्य एकत्र पाहायचं म्हणतात, तर या तिन्हींमध्ये रोज ये-जा करणारा प्राणी मांजरच आहे.

पैशाचं म्हणाल, तर जपानकडे पाहा. पिवळ्या मांजराचा रंग कोणत्या जनुकामुळे येतो, हे २०२५ मध्ये क्यूशू विद्यापीठाच्या हिरोयुकी सासाकी यांच्या गटानं शोधलं. त्याच वेळी स्टॅनफर्डच्या गटालाही तेच सापडलं. एक्स गुणसूत्रावरचा सुमारे पाच हजार अक्षरांचा तुकडा गळालेला असतो, आणि एक्स बोक्यात एकच, मादीत दोन असतात, म्हणून पिवळी मांजरं बहुतेक बोकेच असतात आणि तिरंगी बहुतेक माद्या. सासाकींच्या कामाला जपानमधल्या मांजरप्रेमींनी वर्गणी दिली होती. त्याआधी २०२१ मध्ये तोरू मियाझाकी यांच्या संशोधनासाठी टोकियो विद्यापीठाकडे देणग्यांचा ओघ लागला. त्यांनी दाखवलं होतं, की मूत्रपिंडातली घाण साफ करायला मदत करणारं एआयएम हे प्रथिन मांजराच्या रक्तात दुसऱ्या रेणूला इतकं घट्ट चिकटून बसतं, की गरजेच्या वेळी सुटतच नाही. म्हातारी मांजरं मूत्रपिंडाच्या विकारानं का जातात, त्याचं एक कारण त्यातून पुढे आलं. आपल्या म्हाताऱ्या मांजरीसाठी काहीतरी होईल, या आशेनं साध्या लोकांनी पैसे पाठवले. नागपूरचे लोक कमी मायेचे नाहीत. फक्त पैसे कुठे आणि कशासाठी द्यायचे, ते कुणी सांगितलेलं नाही.

आमच्याकडून काय होईल तेही लिहिते. मस्कासाथ आणि भाजीमंडीच्या बाजूचे काही दुकानदार त्यांच्या मांजरांच्या गालातले आणि नसबंदीच्या वेळी रक्ताचे नमुने घेऊ द्यायला तयार आहेत, मी त्यांच्याशी बोलले आहे. मांजराला इजा होणार नाही, नमुना कशासाठी घेतला ते मालकाला मराठीत किंवा हिंदीत सांगितलं जाईल आणि अहवालाची प्रत त्याला मिळेल, एवढ्याच त्यांच्या अटी आहेत. प्रत्येक मांजराचं वय, रंग, खाणं आणि आजारपण लिहून ठेवायचं काम मी आणि पेठेतल्या दोघी-तिघी जणी करू. रकाने कोणते हवेत ते आपण ठरवून द्या. पहिल्या वर्षाच्या तपासण्यांसाठी वर्गणी गोळा करायलाही आम्ही तयार आहोत, मात्र विद्यापीठाच्या नावानं अधिकृत खातं आणि पावती हवी.

दुपारी दोन ते चार बाजारात गर्दी कमी असते आणि मांजरं थप्प्यांवर झोपलेली सापडतात. विद्यार्थ्यांना पाठवायचं तर ती वेळ बरी. आधी बोलायचं असेल तर आम्ही आपल्या महाविद्यालयात, सेमिनरी हिल्सला येतो. दिवस कळवा.

आपली,
मस्कासाथ, इतवारी येथील एक किराणा दुकानदार
नागपूर